लेकीकडच्या लाकडाच्या शेगडीपाशी बसण्याआधी

लेकीकडे अमेरिकेत व्हरमाँटला पहिल्यांदा गेले आणि दिवाणखान्यातली ती काळी, ओतीव लोखंडाची शेगडी बघून मनात म्हटलं, हा तर आपला बंब! सदाशिव पेठेतल्या वाड्यात पहाटे उठून बंब पेटवायचं काम लहानपणी माझ्याचकडे होतं, तेव्हा मला कोण काय शिकवणार. तिसऱ्या दिवशी सकाळी घरभर धूर, छतावरचा अलार्म बोंबलतोय आणि जावई तोंडाला दाढीचा फेस तसाच ठेवून जिना उतरतायत, असा देखावा झाला. मी फक्त दार उघडून एक लाकूड आत सारलं होतं. बंबात सारतात तसंच.

तेव्हापासून सहा हिवाळे झाले. हल्ली दर वर्षी नवरात्राच्या आसपास चार-सहा जणं आमच्या कोथरूडच्या गच्चीवर जमतात. मुलं व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन अशा थंड मुलखात, घरात कॅटॅलिटिक शेगडी, आणि मुलं-सुना कामाला गेल्या की ती सांभाळायची कोणी? आई-बाबांनी. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

शेगडीच्या पोटातलं पोळं

माझी नोकरी चिंचवडला, गाड्यांच्या एका कारखान्यात. धूर तपासायच्या लॅबमध्ये. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीचा धूर स्वच्छ करणारा भाग, सक्तीचा झाला, त्या सगळ्या धांदलीत माझी उमेदीची वर्षं गेली. म्हणून शेगडीचं वरचं झाकण काढून जावयांनी आतला भाग दाखवला तेव्हा हसूच आलं. गाडीच्या पोटाखाली असते तीच जाळीदार वीट! सिरॅमिकचं किंवा पोलादी पत्र्याचं, मधमाशांच्या पोळ्यासारखं, आरपार बारीक भोकांचं. त्यावर पॅलेडियम, प्लॅटिनमचा अगदी पातळ लेप. पुढे मी त्याला पोळंच म्हणणार आहे.

ते काय करतं? लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात, आणि लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्या वायूंत असते. आपण ज्याला धूर म्हणतो तो म्हणजे न जळता निघून चाललेलं सरपण. एरवी हा धूर पेटायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. पोळ्यातून जाताना तोच धूर २६० अंशांच्या आसपास पेटतो. म्हणून आत आच मंद ठेवूनही धूर जळतो, एक भरणी रात्रभर पुरते आणि धुराड्यातून जवळजवळ काही दिसत नाही. अमेरिकेत २०२० च्या मे महिन्यापासून नव्या शेगड्यांना ताशी दोन ते अडीच ग्रॅमच्या वर कण सोडायला परवानगी नाही. आमच्या बंबाने तेवढे पाच मिनिटांत सोडले असते.

पण पोळं गार असेल तर ते निव्वळ अडथळा. धूर त्यात अडकतो, ओल आणि काजळी साठते, भोकं बुजतात. म्हणूनच शेगडीला बायपास नावाची झडप असते. पुणेकराला बायपास काय तो समजावायला नको: कात्रजहून देहूरोडला जायचंय, शहरात काम नाही, तर बाहेरून जा. झडप उघडी असली की धूर पोळ्याच्या वाटेला न जाता सरळ धुराड्यात. झडप बंद केली की सगळी वाहतूक पोळ्यातून. बायपास कधी उघडायचा आणि कधी लावायचा, एवढं ज्याला कळलं त्याला शेगडी कळली. आणि हे डोळ्यांनी ठरवायचं नाही, तापमापकाच्या काट्याने ठरवायचं. ज्वाळा छान दिसतायत म्हणजे पोळं तापलं, असं मुळीच नाही. बंबवाल्यांची, म्हणजे माझीही, चूक इथेच होते.

पुण्यातच करून जायच्या तीन गोष्टी

पहिली, आकडे. तिथला काटा फॅरनहाइट दाखवतो. दर वेळी हिशेब करत बसू नका, चार आकडे पाठ करा. ५०० म्हणजे आपले २६०: इथून पोळं जागं. ७०० म्हणजे ३७०: आता ते नीट कामाला लागलंय. १४०० म्हणजे ७६०: वरची मर्यादा, इथून सावध. १६०० म्हणजे ८७०: लेपाचं आयुष्य खर्ची पडायला लागलं. शेगडीगणिक हे थोडे इकडेतिकडे होतात. तुमच्या शेगडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा, माझा नव्हे.

दुसरी, लाकडातली ओल. तपकीर गल्लीत नाहीतर ऑनलाइन, दोन सुयांचा ओल मोजायचा मीटर घ्या. मग भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला एखाद्या वखारीत जा आणि वखारवाल्याला पटवून एक ओंडका फोडून घ्या. बाहेरून खडखडीत वाटणारं लाकूड आतून किती ओलं असतं, हे तिथे एकदा आपल्या डोळ्यांनी बघितलं की कायमचं लक्षात राहतं. सुया बाहेरच्या सालीत किंवा कापलेल्या टोकाला खुपसायच्या नाहीत. ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर, मध्यावर, रेषांच्या दिशेने. आकडा २० टक्क्यांच्या खाली हवा, १५ ते २० उत्तम. २५ आला तर ते लाकूड यंदाचं नव्हे, पुढच्या वर्षीचं.

एवढं ओलीचं का घेऊन बसले? लाकडातलं एक लिटर गार पाणी तापवून त्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात दोन किलोवॉटचा गीझर वीस-बावीस मिनिटं चालतो. ती उष्णता खोलीत यायची ती वाफेबरोबर धुराड्यातून जाते. शिवाय पोळं तापतच नाही, आणि तापलेल्या सिरॅमिकवर एकदम वाफ आदळली तर ते तडकू शकतं. लेकीने दुसऱ्या वर्षी ‘पूर्ण वाळलेलं’ म्हणून एक कॉर्ड लाकूड घेतलं (चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रास, तिथे याच मापाने विकतात). निम्मं ओक होतं आणि मीटरवर ३२. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, उन्हाळाभर बाहेर होतं. ओकला एक उन्हाळा पुरत नाही, दोन लागतात. बर्च, मेपल, ॲश वर्षभरात होतात, फोडून रचून वरून झाकलेले असतील तर.

आणखी एक, जे इथे सुचणारच नाही: गोठलेल्या लाकडात मीटर खोटं बोलतो, कमी दाखवतो. ओंडका रात्री घरात आणून ठेवा आणि सकाळी फोडून मोजा.

तिसरी गोष्ट, पेटवायचा सराव. आम्ही गच्चीवर आईचा तांब्याचा बंब काढतो. तांबट आळीतला, मठारकाम केलेला, नरकचतुर्दशीला अजूनही कामाला येतो. तुमच्याकडे बंब नसेल तर कुंडी, घमेलं काहीही चालेल. फक्त पेटवायचं उलटं. आपण खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर लाकूड, अशी चळत लावतो आणि खालून काडी लावतो. तिथे तळाला दोन-तीन जाड लाकडं, त्यावर बोटाएवढ्या ढलप्या आडव्या-उभ्या आणि सगळ्यांत वर कागदाच्या गाठी. काडी वरून. आग खाली सरकत येते, धूर ज्वाळेतून वर जाताना जळतो, धुराडंही लवकर तापतं. पहिल्या दिवशी कोणाचाच यावर विश्वास बसत नाही. एक काका फुंकणी घेऊनच आले होते. त्यांना ती शेवटपर्यंत लागली नाही, थोडे खट्टू झाले.

पेटवणं

आता तिथे पोचलात असं धरू. सकाळ, बाहेर उणे पंधरा, शेगडी थंड.

आधी बायपास उघडा. दांडी कुठल्या बाजूला असली की उघडा, यावर मुलाकडून खडूने बाण काढून घ्या. मग हवेचा खटका पूर्ण उघडा. तळाला इंच-दोन इंच राख राहू द्या, निखारे तिच्यात टिकतात.

धुराडं गार असेल तर त्यातली जड हवा खाली ढकलते आणि धूर घरात येतो. म्हणून वर्तमानपत्राची एक सुरळी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी मिनिटभर धरा. वर ओढ लागली की ज्वाला तिकडे वाकते, आवाजही येतो. साधा वर्तमानपत्राचा कागद घ्या, चकचकीत पुरवणी नको. स्वयंपाकघरातला मोठा एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर पंखा आणि धुराडं यांची रस्सीखेच चालते आणि नव्या, घट्ट बांधलेल्या घरात पंखाच जिंकतो. फोडणी नंतर.

काडी लावल्यावर दार पूर्ण न लावता किंचित फटीवर ठेवायचं, पाच-सात मिनिटं, आणि या वेळात तिथून हलायचं नाही. फोन आला तरी नाही. दार फटीवर ठेवून विसरलं की शेगडी भात्यासारखी भडकते.

दार लावलं. आता वीस मिनिटं ते अर्धा तास काट्याकडे बघत चहा प्या. शेगडीवर दोन तापमापक असतात. एकाची सुई पोळ्याजवळ खुपसलेली, तो पोळ्याचा. दुसरा धुराड्याच्या नळीवर, चुंबकाने चिकटवलेला. पोळ्याचा ५०० ओलांडला की बायपास लावता येतो. मी ६०० पर्यंत थांबते आणि लाकडांना चांगली चौफेर आग धरली आहे ना ते बघते, कारण हे काटे धिमे असतात, चार-पाच मिनिटं मागे चालतात.

बायपास लावल्यावर काटा वर चढला पाहिजे. दहा मिनिटांत ८००, ९०० दिसले तर झालं. उलट खाली यायला लागला तर पोळं पेटलेलं नाही. संकोच न करता बायपास परत उघडा, लाकूड आणखी जळू द्या. थंड पोळ्यावर बायपास लावून ‘होईल हळूहळू’ म्हणत बसलात तर होत काहीच नाही, बुजतं.

मग हवा कमी करायची, पण एका दमात नाही. पाऊण, दहा मिनिटं. निम्मी, दहा मिनिटं. मग पाव. दर वेळी काटा स्थिर झाला की पुढचा टप्पा. ज्वाळा जवळजवळ विझल्या, लाकडं नुसती लालसर धुमसतायत आणि काटा मात्र १०००, असं दृश्य आलं की नवा माणूस घाबरून हवा उघडतो. उघडू नका. जळण आता खाली नाही, वर पोळ्यात चाललंय. पोळं कधी लाल चमकतं, कधी नाही. न चमकणारं पोळंही व्यवस्थित काम करत असतं.

यानंतर स्वेटर-टोपी घालून अंगणात जा आणि धुराड्याकडे बघा. माझ्या मते हीच खरी तपासणी, काटा नंतर. तोंडापासून जरा वर पांढरं दिसतं आणि चटकन विरतं, ती वाफ. निळसर-करडं काही लांबपर्यंत रेंगाळतंय, तो धूर.

नवं लाकूड घालताना

माझी फजिती झाली ती इथे. बायपास बंद असताना दार उघडलं की धुराला वर जायला पोळ्याची बारीक भोकंच, समोर मात्र आख्खं दार मोकळं. तो तुमच्या तोंडावर येणार.

क्रम असा: हवेचा खटका उघडा. बायपास उघडा. मिनिटभर थांबा. दार बोटभर उघडून पुन्हा क्षणभर थांबा, मग पूर्ण. निखारे पुढे ओढून घ्या, लाकडं मागून रचा, दार लावा. आता बायपास लगेच लावायचा मोह होतो, कारण काटा अजून ५०० च्या आसपास दाखवत असतो. थांबा. नव्या लाकडाची बाहेरची ओल निघून जाऊ द्या, ते चौफेर काळं पडू द्या, दहा-पंधरा मिनिटं. मग लावा. आमच्याकडे या वेळेला कोणीतरी रामरक्षा म्हणतं. एक आवर्तन पुरत नाही, दोन लागतात.

घालायचं कधी? काटा ५०० च्या जवळ उतरला आणि आत निखारे आहेत तेव्हा. रात्रीची भरणी झोपण्याच्या निदान तासभर आधी करा, म्हणजे बायपास लावून, हवा उतरवून, काटा स्थिर झालेला बघून पांघरुणात जाता येतं. बायपास उघडा ठेवून कोणीही झोपायला जायचं नाही. सगळी आच नळीत जाते.

नळीच्या काट्याचं थोडक्यात: एकपदरी नळीवर बाहेरून चिकटवलेला असेल तर २५० ते ४७५ फॅरनहाइट बरं. सतत त्याच्या खाली राहिला तर आत क्रिओसोट धरतो, म्हणजे डांबरासारखी चिकट काजळी, आणि ती कधीतरी धुराड्यात पेट घेते. दुपदरी नळीत आत खुपसलेला काटा याच्या जवळजवळ दुप्पट दाखवतो, त्याला बघून घाबरू नका.

वही

लॅबची सवय, सुटत नाही. शेगडीशेजारी दोरी बांधलेली पेन्सिल आणि दोनशे पानी वही. वेळ, पोळ्याचा काटा, नळीचा काटा, हवा किती, लाकडं किती, कुठली, बाहेर तापमान काय. ‘सव्वासात, पोळं ६२०, बायपास लावला. साडेसात, ९४०, हवा निम्मी. आठ, १०८०, हवा पाव. बर्च चार. बाहेर उणे १२.’ बस एवढंच. लेक आधी हसली. दोन हिवाळ्यांनी तीच वही चाळून आम्हाला कळलं की पूर्वी पंधरा मिनिटांत ९०० ला जाणारं पोळं आता चाळीस मिनिटं घेतंय. एका दिवसाच्या काट्यावरून हे कधीच दिसलं नसतं.

काटा चढत नसेल तर मी या क्रमाने जाते. आधी लाकूड फोडून मीटर लावते, दहातल्या आठ वेळा तिथेच सापडतं. मग बायपासची झडप पूर्ण बसते का. मग खुद्द काटा: काढून ओव्हनमध्ये ४०० वर ठेवून बघायचा, तो ३०० दाखवत असेल तर बिचाऱ्या पोळ्याचा दोष नाही. दाराच्या कडेची दोरी सैल झाली असेल तर नको तिथून हवा शिरते. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर दोरी बदलायला झाली. (तिथे हे डॉलरच्या नोटेने करतात. दहा रुपयांत होतं.) शेवटी पोळं. शेगडी पूर्ण गार असताना, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मऊ ब्रशने भोकांतली राख झाडायची. काडी, तार खुपसायची नाही. झाडूनही फरक पडला नाही तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं करून त्यात अर्धा तास मंद उकळवून, साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळून पूर्ण वाळवायचं. पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच. लेकीच्या चांगल्या पातेल्यात करू नका. एवढ्यानेही जागं झालं नाही तर त्याचं आयुष्य संपलं. साधारण दहा-बारा हजार तासांनी ते संपतंच.

आयुष्य लवकर संपवायचं असेल तर कचरा जाळा. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक, दुधाची पाकिटं, रंगीत वेष्टनं, दगडी कोळसा. आमच्या कन्व्हर्टरला शिसंवालं पेट्रोल विष होतं म्हणून बिनशिशाचं आणावं लागलं. जुन्या रंगातलं शिसं या पोळ्याला तसंच मारतं. उदबत्तीचं खोकंसुद्धा मी टाकत नाही.

काटा १४०० च्या पुढे निघाला तर हवा थोडीथोडी कमी करा, दार उघडू नका, आणि पुढच्या वेळी एवढी बारीक आणि एवढी कोरडी लाकडं एकदम भरू नका.

उरलेलं पटकन. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच मजल्यावर आणि झोपायच्या मजल्यावर चालू आहे का ते पहिल्याच दिवशी बटण दाबून बघा. या वायूला वास नसतो. शेगडीच्या तीन फुटांत काहीही नको. साड्या, लंगोट, कुरडया वाळवायची सुरसुरी आवरा. धुराडं वर्षातून एकदा माणूस बोलावून साफ करून घ्यायचं, आणि मध्येच आत तीन मिलिमीटर थर दिसला तर तेव्हाही.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढायची आणि घराबाहेर, दगडावर किंवा उघड्या जमिनीवर ठेवायची. वरून गार दिसली तरी आत निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. पहिल्या वर्षी मी ती बादली मागच्या लाकडी गच्चीवर ठेवली होती, एकच रात्र. तिथे बरोबर बादलीच्या बुडाएवढा काळा गोल उमटला आहे. उन्हाळ्यात लेक त्यावर तुळशीची कुंडी ठेवते.